फुकटच्या शिक्षणाला लावलेला क्लास

लातुरात कुणी काही शिकतोय म्हटलं की ऐकणारा आधी विचारतो, क्लास कुठला लावला. काय शिकतोय हे नंतर. मी या गावात अर्धं आयुष्य काढलं, तेही एका कोचिंग क्लासच्या वसतिगृहात पोरांचे डबे भरत, त्यामुळं हा प्रश्न माझ्याही अंगात मुरलेला होता. नाहीतर जे घरबसल्या, मोबाइलवर, फुकट आणि आपल्या सवडीनं शिकता येतं, त्याला क्लास लावायची बुद्धी मला झाली नसती. पण झाली. आणि एकटीलाच झाली असंही नाही, आमच्या बॅचला खोली पुरत नव्हती.

मला कॉम्प्युटर शिकायचा होता तो हौसेनं नव्हे. माझा नवरा त्याच वसतिगृहाच्या खानावळीत स्वयंपाकी. कोचिंगची लाट लातुरातून नांदेडला पोचली तशी मालकानं तिकडं दुसरी शाखा काढली आणि ह्यांना तिकडं पाठवून दिलं. हे तिथं भटारखान्यामागच्या खोलीत, तांदळाच्या पोत्यांशेजारी झोपायचे. मी इकडं लातुरात सासूबरोबर दोन खोल्यांत. लेकीचं लग्न होऊन ती चाकूरला नांदत होती, म्हणजे आता खरं तर नवरा-बायकोनं निवांत एकत्र राहायचे दिवस. त्याऐवजी हे महिन्यातून एखाद्या रविवारी यायचे, पाहुण्यासारखे जेवायचे आणि संध्याकाळच्या बसनं परत जायचे. मला नांदेडला काम मिळालं तरच तिथं खोली करणं जमणार होतं.

काम होतंही. वसतिगृहातली पोरं आजारी पडली की ज्या दवाखान्यात नेतात, तिथल्या व्यवस्थापकांशी ह्यांची ओळख झाली होती. त्यांना केसपेपरच्या खिडकीवर एक बाई हवी होती. पेशंट आला की त्याचं नाव, गाव, वय कॉम्प्युटरमध्ये टाकायचं आणि कागद काढून हातात द्यायचा. मी बारावी झालेली, माणसांशी बोलायला मला कुणी शिकवायची गरज नाही. अडत होतं ते फक्त कॉम्प्युटरपाशी.

त्याच सुमारास कळलं की एका संस्थेनं काम शोधणाऱ्या मोठ्या माणसांसाठी ऑनलाइन शिक्षण सुरू केलंय. सगळं मराठीत, व्हिडिओ बघायचे, मधेमधे सराव करायचा, शेवटी परीक्षा, मग प्रमाणपत्र. एक पैसा नाही. मी ही गोष्ट शेजारी सांगितली तर शेजारीण म्हणाली, "अगं, त्याचा क्लास निघालाय की." झालं. मी दुसऱ्या दिवशी नाव घालून आले.

क्लास चालवणारे सर सकाळी डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांना रसायनशास्त्र शिकवायचे. दुपारी खोली रिकामी असायची, तिथं आम्हाला बसवलं. पहिल्याच दिवशी म्हणाले, "फी नाही, ताई. फक्त आधार कार्ड आणायचं, मोबाइल आणायचा, आणि ओटीपी आला की लगेच सांगायचा." संस्थेला माणसं दाखवायची होती आणि सरांना बोर्डावर संस्थेचं नाव लावायचं होतं, हे मला फार नंतर समजलं. तेव्हा मला वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस. आज ते आठवलं की स्वतःच्या भोळेपणापेक्षा त्या माणसाच्या गोड आवाजाचीच जास्त किळस येते.

खोलीत कॉम्प्युटर एकच होता. त्याच्यावर भरतकामाचं कापड घातलेलं, आणि दसऱ्याचा झेंडूचा हार वाळून तसाच लटकलेला. ते कापड आमच्यासमोर निघालेलं मी पाहिलं नाही. आमचे मोबाइल मात्र आत गेल्या गेल्या सर गोळा करायचे आणि बाकावर ओळीनं मांडायचे. प्रत्येकावर संस्थेचा व्हिडिओ लावायचा, आवाज बंद, वेग दुप्पट. मोबाइल तिकडं स्वतःशीच शिकत असायचे आणि आम्ही इकडं गेस पाठ करत असायचो. गेस म्हणजे परीक्षेत येणारच असे प्रश्न, उत्तरांसकट. लातुरात गेस नाही असा विषय नाही.

सर विचारायचे, "कॉपीसाठी?" आम्ही सगळे एका सुरात, "कंट्रोल आणि सी." "पेस्टसाठी?" "कंट्रोल आणि व्ही." चाळिशी-पन्नाशीच्या बायका, दोन-तीन रिक्षावाले, एक बंद पडलेल्या तेलगिरणीतले मुकादम, सगळे माना हलवत पाढे म्हणावेत तसे म्हणायचो. माझ्या शेजारी एक तिशीची बाई बसायची, माहेर नांदेडच्या पुढं, भोकरकडचं. तिचा आवाज सगळ्यांत मोठा आणि उत्तर सगळ्यांच्या आधी. सर तिच्याकडं बोट दाखवून म्हणायचे, "ही बघा, ही टॉपर." ती लाजायची, आणि आम्हा बाकीच्यांना तिचा हेवा वाटायचा. कंट्रोल नावाचं बटण कुठं असतं हे तिला माहीत नव्हतं आणि आम्हालाही नव्हतं. मुकादमांनी एकदा विचारलं, "सर, ते बटन एकदा दाखवता का?" सर म्हणाले, "काका, परीक्षेत बटन विचारत नाहीत." सगळे हसले. मीही हसले.

मग एक दिवस संस्थेची माणसं आली. सरांनी कुठूनतरी एक लॅपटॉप मागवला. तो आधी माझ्यासमोर ठेवला, माझी बोटं त्यावर नीट ठेवायला लावली आणि स्क्रीनकडं बघून हसायला सांगितलं. स्क्रीन काळी होती, त्यात माझंच तोंड दिसत होतं. फोटो निघाला की लॅपटॉप उचलून पुढच्या बाईसमोर. असा तो पूर्ण खोली फिरला.

मला हे ओळखीचं होतं. भूकंप झाला तेव्हा मी सातवीत होते, आमचं गाव औशाच्या पुढं. घरं पडली, माणसं गेली, आणि चार दिवसांनी गाड्यांची रांग लागली. एका गाडीतून उतरलेल्या बाईंनी माझ्या आजीच्या अंगावर ब्लँकेट घातलं, शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला, आणि तेच ब्लँकेट काढून पलीकडच्या म्हातारीच्या अंगावर घातलं. आजीनं ते जाताना नुसतं पाहिलं. सगळे तसे नव्हते. ढिगाऱ्यात हात घालून माणसं काढणारेही होते, आठ-आठ दिवस चुली पेटवून गावाला जेवू घालणारेही होते. पण त्या ब्लँकेटवाल्या बाईंचं अत्तर मला अजून आठवतं. लॅपटॉप माझ्यासमोरून उचलला तेव्हा तोच वास आला. तरी मी उठून गेले नाही. प्रमाणपत्र हवं होतं मला.

परीक्षा मोबाइलवरच झाली. सर मागं उभं राहून पर्यायाचा क्रमांक सांगत होते, म्हणजे ज्यांनी गेस पाठ केला नव्हता तेही सुटले. सगळे पास, आणि तेही भरघोस. आठवडाभरात चौकात फ्लेक्स लागला. वरच्या ओळीत डॉक्टर होणारी पोरं, खाली आम्ही, ‘संगणक साक्षरतेचा शंभर टक्के निकाल’. मधोमध भोकरवाली टॉपर, तिच्या डावीकडं मी. लेकीनं चाकूरहून फोन करून सांगितलं की तिच्या सासरी फोटो पोचला, सगळ्यांना कौतुक वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू.

प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी नांदेडची बस पकडली. व्यवस्थापक भला माणूस होता. चहा पाजला, प्रमाणपत्र पाहिलं, नव्वदच्या वरचे मार्क पाहून मान हलवली आणि मला थेट खिडकीवर नेऊन बसवलं. समोर एक म्हातारे गृहस्थ खोकत उभे होते. व्यवस्थापक म्हणाले, "ह्यांचं नाव टाका."

मी खाली पाहिलं. मोबाइलवर मी बोलूनच निरोप धाडायची, आणि लॅपटॉपवर बोटं होती तेव्हा स्क्रीनकडं बघून हसत होते, त्यामुळं अक्षरं ए, बी, सी, डी अशी ओळीनं असणार असं मी धरून चालले होते. ती तशी नव्हती. कुणीतरी मूठभर अक्षरं भिरकावून दिलेली. मी पहिलं अक्षर शोधलं, दाबलं, वर पाहिलं तर ते भलत्याच जागी उमटलेलं. पुसायचं कसं ते गेसमध्ये नव्हतं. गेसमधलं सगळं मला येत होतं, कंट्रोल आणि एस म्हणजे सेव्ह हेसुद्धा, पण सेव्ह करायला आधी काहीतरी लिहावं लागतं. म्हातारे गृहस्थ म्हणाले, "होऊ द्या सावकाश, बाई." त्यांच्या मागची रांग मात्र चुळबुळ करायला लागली होती.

व्यवस्थापकांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, राग नका मानू. प्रमाणपत्र खरं आहे ना?"

"खरं आहे," मी म्हणाले. "तेच तर वाईट आहे."

त्यांनी प्रमाणपत्र परत पिशवीत सरकवलं. मग म्हणाले, "पुढच्या सोमवारी या. आठ दिवस जागा धरून ठेवतो. एवढं तरी येऊ द्या." ह्यांच्या शब्दाखातर केलं त्यांनी ते.

परतीच्या बसमध्ये मी रडले नाही, आतल्या आत शिव्या घालत आले. लातुरात उतरून घरी न जाता क्लासला गेले. सरांना म्हणाले, "सर, मला नाव टाकता आलं नाही."

सर वही तपासत होते. वरही न बघता म्हणाले, "कामाला लागलं की येतं आपोआप, ताई. निकाल तर आला ना?" मी तिथंच उभी राहिले तेव्हा त्यांनी एकदा नजर वर केली आणि सांगितलं, "पुढच्या बॅचला कुणी असलं ओळखीचं तर पाठवा." त्या माणसाच्या तोंडावर जराही लाज नव्हती. मला वाटलं तो वाळका हार ओढून त्याच्या गळ्यात घालावा.

मग म्हटलं, गेला क्लास खड्ड्यात, शिक्षण तर मोबाइलवर आहेच. आता शांतपणे आपणच बघू. घरी येऊन मी माझा नंबर टाकून संस्थेचं ॲप उघडलं. हिरव्या अक्षरांत आलं, ‘अभिनंदन! आपण हा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे.’ खाली प्रमाणपत्राचं चित्र. व्हिडिओ एकही उघडेना. मदतीच्या नंबरला फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं, मग एक गोड आवाजाची पोरगी आली. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, आमच्या सिस्टीममध्ये तुम्ही शिकलेल्या आहात."

"पण मी शिकले नाही, बाई."

"एका आधारवर एकदाच मिळतं, मॅडम. आणखी काही मदत करू शकते का?"

मी मोबाइल पलंगावर फेकला. सासू कोपऱ्यात लसूण सोलत बसली होती, तिनं सगळं ऐकलं. सासूला मी आत्या म्हणते. आमचं दोघींचं कधी फार गोड नव्हतं. माझ्या हातची भाजी तिला कायम पाणचट लागायची आणि तिचा रेडिओ मला कर्कश. पण लेक परगावी पोत्यांशेजारी झोपतो हे तिलाही सलत होतं. ती म्हणाली, "माझं आधार हाय की. माझ्या नावानं शीक."

मी म्हणाले, "आत्या, ते काम शोधणाऱ्यांसाठी आहे."

"मग? मला कुठं काम सुटलंय?"

वयाची अट फक्त खालच्या बाजूला होती. चौथी शिकलेल्या, सत्तरीला टेकलेल्या माझ्या सासूचं नाव मी भरलं. ‘आपण सध्या रोजगाराच्या शोधात आहात का?’ असा प्रश्न आला. आत्या म्हणाली, "हाव म्हण." मी हाव म्हटलं.

एक अडचण निघालीच. मधल्या काळात संस्थेनं चेहरा तपासायची सोय केली होती. दुसराच कुणीतरी व्हिडिओ पळवतो असा संशय त्यांना आला असावा. म्हणजे सर जे करून मोकळे झाले, त्याचा चाप माझ्या सासूला. दर थोड्या वेळानं व्हिडिओ थांबायचा, गोल चौकट यायची आणि त्यात नाव नोंदवलेल्या माणसाचं तोंड दिसल्याशिवाय पुढं सरकायचं नाही. त्यामुळं डबे संपवून मी दुपारी शिकायला बसले की आत्याला शेजारी बसावं लागायचं. ती माळ ओढत बसायची. चौकट आली की म्हणायची, "तोंड मागून राहिलंय बघ परत," आणि पदर सारखा करून पुढं वाकायची. फोटो काढायचा असल्यासारखी गंभीर व्हायची.

झेरॉक्सवाल्याकडून मी एक जुना कीबोर्ड आणला, मोबाइलला जोडायची पिन त्यानंच दिली. बरीच अक्षरं पुसून गेली होती, ती मी नेलपॉलिशनं परत रेखली. आणि शिकायला लागले.

ते शिक्षण चांगलं होतं. यानंच माझं डोकं जास्त फिरलं. वाईट असतं तर एक वेळ सोसलं असतं. एक बाई सावकाश बोलायची, बोट कुठं ठेवायचं ते दाखवायची, चुकलं तर म्हणायची, घाई नाही, पुन्हा करू. पुसायचं कसं हे दुसऱ्याच धड्यात होतं. अक्षरं ओळीनं का नसतात तेही सांगितलं होतं. ज्यानं कुणी हे केलं त्यानं आमच्यासारख्या बायकांचा नीट विचार करून केलं होतं, आणि ते सगळं आमच्या डोळ्यांसमोर, बाकावर, आवाज बंद करून दुप्पट वेगानं पळून गेलं होतं. आम्ही पाठ फिरवून पाढे म्हणत होतो. तो विचार आला की माझी बोटं चुकायची आणि आत्या म्हणायची, "रागानं नको मारू, त्याचा काय दोष."

रविवारपर्यंत मी नाव, गाव, वय, फोन नंबर न बघता नाही, पण न अडखळता टाकायला लागले. आत्याची सगळी माहिती टाकली, शेजाऱ्यांची टाकली, लेकीच्या सासरची टाकली. संध्याकाळी ह्यांचा फोन आला. मी म्हणाले, "जमलं." त्यांनी पलीकडं कुणाला तरी भाजीकडं बघायला सांगितलं. मग म्हणाले, "ये उद्या. मी फाटकापाशी थांबतो."

सोमवारी व्यवस्थापकांनी मला त्यांच्याच खोलीतल्या कॉम्प्युटरवर बसवलं. दोन पेशंटांची नावं सांगितली. मी टाकली, सेव्ह केली, कागद काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी कागद वाचला आणि तो टेबलावर ठेवून बराच वेळ सरळ करत बसले.

"छान जमलंय," ते म्हणाले. "पण जागा शनिवारी भरली, ताई. मोठ्या डॉक्टरांच्या ओळखीतून आली. मला विचारलंच नाही." मग म्हणाले, "तिला अजून सवय नाही. तुम्ही तीन-चार दिवस शेजारी बसून शिकवलं तर बरं होईल. पुढं कधी रात्रपाळीची जागा निघाली तर तुमचंच नाव पहिलं."

म्हणजे मी शिकवायचं, तेही फुकट. भला माणूस असं बोलताना खाली बघत होता हे मला दिसलं, पण त्यानं माझा संताप कमी झाला नाही.

खिडकीवर आमची टॉपर बसली होती. तीच, भोकरवाली. नवी साडी, केसांत गजरा, दोन्ही हात मांडीत. समोर रांग दारापर्यंत गेलेली. मला पाहून तिचे डोळे भरले. हळूच म्हणाली, "ताई, माझ्या नावावर पण ते पूर्ण झालं म्हणतंय. साहेब म्हणाले तुम्हाला येतं. कसं शिकलात?"

"सासूच्या नावावर."

"मला सासू न्हाई, ताई."

मला तिची दया यायला हवी होती. आली नाही. तिचा गजरा, तिचे मांडीतले हात, मागं टेबलावर ठेवलेलं तिचं प्रमाणपत्र, माझ्यासारखंच, सगळ्याची मला ओकारी आली. खिडकीच्या पलीकडं एक बाई तापानं फणफणलेलं लेकरू खांद्यावर घेऊन उभी होती. लेकरू रडायचंही थांबलं होतं. मी टॉपरच्या खांद्यावरून वाकले, त्या लेकराचं नाव, गाव, वय टाकलं, कागद काढून बाईच्या हातात दिला. तेवढं केलं आणि निघाले. टॉपरनं मागून हाक मारली, मी वळले नाही.

फाटकापाशी हे उभे होते. खानावळीतून तसेच आलेले, मनगटापर्यंत पीठ. मला बघताच त्यांनी खिशातून चावी काढली. दोरा बांधलेली, नवी घासलेली.

"खोली बघून ठेवलीय कालच," ते म्हणाले. "मोरी आतच हाय. तळमजलाच हाय, आईला पायऱ्या चढायच्या न्हाईत. चल, दाखवतो."

मी म्हणाले, "मला सगळं येतं. कागदसुद्धा काढून दाखवला."

"मग झालं की."

"जागा भरली, शनिवारी."

त्यांनी दवाखान्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. चावी मुठीत धरली आणि खिशात ठेवली. मग विचारलं, "जेवलीस का?"